बाहेरच्या टीमला ऑफिसचं टेम्प्लेट द्यावं का? आणि दिलं तर कितपत?

ओळंबा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

पुण्यात आमचं छोटं ऑफिस आहे, ११ माणसं. इमारतींची ड्रॉइंग रेव्हिटमध्ये करतो. ऑफिसचं टेम्प्लेट, म्हणजे प्रत्येक नवं काम जिच्यावरून सुरू होतं ती तयार फाइल, मी स्वतः उभं केलंय. टायटल ब्लॉक, व्ह्यू टेम्प्लेट (ड्रॉइंगमध्ये काय कसं दिसावं याची सेटिंग), रेघांच्या जाड्या, शेड्यूल (दारं-खिडक्यांचे तक्ते), शिवाय दारं-खिडक्या-फूटिंगच्या ३५० च्या आसपास फॅमिली, म्हणजे मॉडेलमध्ये टाकायचे तयार भाग. दोन वर्षांचे शनिवार गेले त्यात, बायकोला विचारा. काम अंगावर आलं की कोल्हापूरची चौघांची एक टीम आणि नाशिकचे एक गृहस्थ यांची मदत घेतो. सगळे एकाच क्लाउड मॉडेलमध्ये काम करतात.

गेल्या महिन्यात दोन प्रकार घडले.

पहिला. सबमिशनच्या आदल्या रात्री बाहेरच्या एकाला त्याच्या शीटवर ग्रिड जरा फिकी हवी होती. त्याने स्वतःच्या व्ह्यूपुरता बदल न करता थेट व्ह्यू टेम्प्लेट बदललं आणि सिंक मारलं. सकाळी ६० शीटवरच्या ग्रिड जवळजवळ गायब. प्लॉटिंगवाल्याचा फोन, "साहेब, शाई संपलीये का बघू का?"

दुसरा. एका कंत्राटदाराकडे भलत्याच ऑफिसचं ड्रॉइंग पाहण्यात आलं. दारांचं शेड्यूल ओळखीचं वाटलं. शेवटच्या कॉलमचं नाव वाचलं आणि खात्रीच पटली: 'आबा ओके'. आबा म्हणजे आमच्या साईटवरचे जुने फोरमन. दाराचं माप त्यांनी जागेवर तपासलं की टिक करायची, म्हणून मी तो कॉलम टाकला होता. एरवी लपवलेला असतो. त्या ऑफिसने तो चक्क छापलाय.

तर प्रश्न असा: बाहेरच्यांना काम तर करू द्यायचंय, मग आपल्या स्टँडर्डपर्यंत त्यांचा हात किती पोचू द्यायचा? तुम्ही काय करता?

जाड_रेघ | सोमवार, रात्री ९:२२

आबा ओके =)) =))

वॉटरमार्क, एन्क्रिप्शन सगळं झूट. प्रत्येक टेम्प्लेटमध्ये एक आबा हवाच.

भोसरीचा_गुण्या | सोमवार, रात्री ९:४८

आमचं क्षेत्र वेगळं, जिग-फिक्श्चर (मशीनवर भाग पकडायची साधनं) आणि सॉलिडवर्क्स, पण दुखणं तेच.

सुरुवातीला आम्ही वेंडरला पूर्ण असेंब्ली द्यायचो, आमच्या टूलबॉक्सच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तयार लायब्ररीच्या, नट-बोल्टसकट. त्यांच्या मशीनवर त्यांचा टूलबॉक्स वेगळा. आमच्याकडे एम ६ चा बोल्ट ज्या कॉन्फिगरेशनमध्ये होता ते त्यांच्याकडे नाहीच, मग सॉफ्टवेअर बिचारं हाताला लागेल तो साइज दाखवतं. एवढ्याशा क्लॅम्पमध्ये खांबाएवढा बोल्ट! वेंडरचा पोरगा म्हणाला, "सर, मजबूत डिझाइन आहे." तेव्हापासून टूलबॉक्सला प्रत्येक साइजची वेगळी पार्ट फाइल करायला लावतो आणि बाहेर जाताना पॅक अँड गो करून सगळं एकत्र पाठवतो.

आता ज्याला फक्त मशीनिंग करायचंय त्याला स्टेप फाइल (नुसता आकार) आणि पीडीएफ. मॉडेलमधली फीचर ट्री, इक्वेशन, काही जात नाही. ज्याला डिझाइनच करायचंय त्याला पीडीएम व्हॉल्टमध्ये, म्हणजे आमच्या फाइलींच्या कोठारात, लॉगिन, पण लायब्ररीचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं. पीडीएमची एक गोष्ट मला आवडते: हक्क नुसते फोल्डरवर नसतात, फाइल कोणत्या अवस्थेत आहे त्यावरही असतात. रिलीज झालेल्या ड्रॉइंगला वेंडर हात लावूच शकत नाही, तेच ड्रॉइंग रिव्हिजनला उघडलं की लावू शकतो.

कोल्हापुरी_पेन | सोमवार, रात्री १०:३५

मी कोल्हापूरचा, फ्रीलान्सच करतो. ओळंबा यांची टीम आमची नव्हे, आधीच सांगतो. पण हा धागा वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा स्पष्ट बोलतो.

बाहेरचा म्हटलं की चोर, असंच धरून चाललेत सगळे. जरा आमच्या खुर्चीत बसून बघा की. माझ्याकडे आत्ता पाच ऑफिसची कामं आहेत. एक ऑफिस टेम्प्लेट देतं. दुसरं 'आमचं स्टँडर्ड' म्हणून १४ पानांची पीडीएफ पाठवतं, ती पण स्कॅन केलेली, त्यात पान ९ उलटं. तिसरं काहीच देत नाही आणि 'जुनं ड्रॉइंग बघून करा' म्हणतं. जुनं ड्रॉइंग ऑटोकॅडचं, त्यात वेगवेगळ्या नावाचे चार वॉल लेयर! मग मी माझ्या डोक्याने करतो आणि परत लाल शाईत येतं, 'डायमेन्शनचा बाण चुकला, आमचा टिक मार्क असतो.' अहो, मग द्या की टिक मार्क!

व्ह्यू टेम्प्लेट बदलणाऱ्याची चूक आहेच. पण त्याला बदलता येत होतं, हे कुणाचं पाप?

आणि हो, दारांचं शेड्यूल आमच्यासारख्यांकडनंच गेलं हे कशावरून?

ओळंबा | सोमवार, रात्री १०:५०

कोल्हापुरी_पेन, राग मान्य. चोर म्हणायचा हेतू नव्हता, शब्द तसे आले असतील तर माफी असावी. उलटं पान ९ वाचून मात्र गप्प बसलो. आमच्याही पीडीएफमध्ये एक पान तसं आहे.

मुगाची_खिचडी | सोमवार, रात्री ११:०२

हे म्हणजे आईच्या गोड्या मसाल्यासारखं झालं. मसाला डबा भरून देते, पण कृती विचारली की "अंदाजाने घालायचं सगळं." (कृपया हलके घ्या)

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ७:१५

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

रेव्हिटबद्दल आधी एक कडू गोष्ट पचवावी लागते. फॅमिलीला कुलूप नसतं. पासवर्ड नाही, फॉर्म्युला लपवायची सोय नाही. ज्याच्या हातात आरव्हीटी (रेव्हिटची मूळ) फाइल आली त्याच्या हातात तिच्यातलं सगळं आलं. 'सेव्ह अॅज'मधून लायब्ररी-फॅमिली केलं की ३५० फॅमिली एका फोल्डरमध्ये उतरतात. 'ट्रान्स्फर प्रोजेक्ट स्टँडर्ड्स' केलं की व्ह्यू टेम्प्लेट, फिल्टर, रेघांच्या शैली, भिंतींचे प्रकार दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये दाखल. दोन्ही कामं कायदेशीर बटणांनी होतात, त्यात हॅकिंग वगैरे काही नाही. त्यामुळे 'एकाच मॉडेलमध्ये काम करू दे, पण स्टँडर्ड घेऊ देऊ नको' हे रेव्हिटमध्ये होत नाही.

बदलू न देणं मात्र होतं. ओळंबा, तुमचे दोन प्रकार मुळात वेगळे आहेत. शेड्यूल बाहेर गेलं त्याने तुमचं नाक कापलं गेलं असेल, नुकसान शून्य. ग्रिड गायब झाली ते खरं नुकसान. आधी ते बंद करा.

आम्ही असं करतो. वर्कशेअर्ड, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या, मॉडेलमध्ये व्ह्यू टेम्प्लेट आणि प्रोजेक्ट स्टँडर्ड यांचेही वर्कसेट (एकाने ताब्यात घ्यायचे गट) असतात, यादीत ते एरवी दिसत नाहीत, दाखवायची खूण करावी लागते. ते सगळे एका वेगळ्या लॉगिनने आपल्याकडे घेऊन ठेवायचे. बाकीच्यांना टेम्प्लेट व्ह्यूला लागू करता येतं, बदलायला गेलं की 'अमुक व्यक्तीकडे आहे' असा निरोप मिळतो. तोटा: ते लॉगिन ज्याच्याकडे आहे तो लग्नाला गेला की सगळे खोळंबले. शिवाय क्लाउड मॉडेलला त्या लॉगिनचं लायसन्स वेगळं लागतं, फुकट नाही.

दुसरं, फोल्डरचे हक्क. ऑटोडेस्कच्या क्लाउडवर मूळ फोल्डरला दिलेला हक्क खालच्या सगळ्या फोल्डरना लागतो. खाली तो वाढवता येतो, कमी करता येत नाही. इथे भलेभले फसतात. वर 'प्रोजेक्ट फाइल्स'ला सगळ्यांना एडिट देतात आणि मग आतल्या 'स्टँडर्ड'ला कुलूप घालायला बघतात. ते लागत नाही. घराला दार नाही आणि कपाटाला कडी, अशातला प्रकार. वर काहीच देऊ नका, खाली एकेका फोल्डरला द्या. आणखी एक गोम: हक्क कंपनीला, रोलला आणि व्यक्तीला असे तीन ठिकाणी देता येतात, त्यातला सर्वांत मोठा चालतो. व्यक्तीला 'फक्त बघणे' दिलंत आणि तिचा रोल 'डिझायनर' असून त्या रोलला एडिट असेल तर ती व्यक्ती एडिट करणारच.

तिसरं, बाहेरच्यांसाठी बारीक टेम्प्लेट करा. त्या कामाला लागणाऱ्या ४० फॅमिली, बाकी पर्ज, म्हणजे काढून टाका. त्यांची फाइल वेगळी ठेवा, आपल्या मॉडेलमध्ये लिंक करून घ्या. ज्या फॅमिलीत तुमचं खरं डोकं आहे, म्हणजे फूटिंगचं गणित वगैरे, त्यातला फॉर्म्युला काढून आपल्याकडच्या डायनॅमोच्या स्क्रिप्टमध्ये किंवा एक्सेलमध्ये ठेवा, बाहेर जाणाऱ्या फॅमिलीत नुसते आकडे.

जाड_रेघ | मंगळवार, सकाळी ८:४०

निळी_शाई ताई, सकाळी सव्वासातला एवढं लिहिता म्हणजे तुमचं सबमिशन आज आहे.

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ८:४४

११ वाजता. रात्रभर जागी आहे.

आखातवासी | मंगळवार, दुपारी १२:३०

दोह्याहून. इकडे चित्र उलटं आहे. मोठ्या प्रकल्पात ऑफिसचं स्टँडर्ड कुणी विचारतच नाही. मालक स्वतःच्या गरजांचा दस्तऐवज देतो, टेम्प्लेट देतो, फाइलचं नाव कसं असावं ते देतो. आम्ही सगळेच बाहेरचे.

बहुतेक ठिकाणी आयएसओ १९६५० हे बांधकामातली माहिती सांभाळायचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड धरून चालतात (पहिले दोन भाग २०१८ चे, सुरक्षेबद्दलचा पाचवा २०२० चा). त्यातली एक कल्पना छोट्या ऑफिसनेही उचलावी अशी आहे. माहितीच्या चार अवस्था: चालू काम, शेअर केलेलं, प्रसिद्ध केलेलं आणि संग्रह. चालू काम फक्त ते करणाऱ्या टीमलाच दिसतं. दुसऱ्या टीमला हवं तर तपासून, मंजूर करून 'शेअर'मध्ये टाकायचं, तिथून तिने संदर्भ म्हणून घ्यायचं. एकमेकांच्या चालू फाइलीत हात घालायचा नाही. ओळंबांकडे सगळेच एका चालू मॉडेलमध्ये बसलेत, म्हणजे एकाच ताटात १६ जण जेवताहेत. कुणीतरी कुणाच्या तरी भातावर आमटी ओतणारच.

बाकी दोह्यात सध्या भाजून निघतोय. पुण्यात पाऊस आहे का?

मुगाची_खिचडी | मंगळवार, दुपारी १२:४१

आहे. सिंहगड रोड तुंबलाय. चौथ्या अवस्थेत आहे: संग्रह.

पेरू_हलवा | मंगळवार, दुपारी २:०५

मी यूआय (अॅपच्या पडद्यांचं) डिझाइन करते, फिग्मामध्ये. आमच्याकडे फ्रीलान्सर गेस्ट म्हणून येतात. ज्या फाइलला किंवा प्रोजेक्टला बोलावलं तेवढंच त्यांना दिसतं, अख्ख्या कंपनीची लायब्ररी आपोआप दिसत नाही. मुख्य म्हणजे लायब्ररीची फाइल आणि कामाची फाइल वेगळी असते. ते बटण वापरतात, बटण बदलायला लायब्ररीत जावं लागतं आणि तिथे त्यांना फक्त व्ह्यू. बघणाऱ्यांना कॉपी-एक्सपोर्ट बंद करायची सोयही आहे. आतल्या कामाच्या कंपोनंटच्या नावापुढे टिंब किंवा अंडरस्कोर लावला की ते प्रसिद्धच होत नाहीत. तुमचे आबा आमच्याकडे '.आबा' असते तर बाहेर पडलेच नसते.

कोल्हापुरी_पेन | मंगळवार, दुपारी २:२०

टिंब आबा!! :))

ढगातला_सुतार | मंगळवार, दुपारी ३:३३

पेरू_हलवा यांच्या मुद्द्याला धरून. ऑनशेपमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारं कॅड) शेअर करताना 'बघणे' दिलं तरी कॉपी, लिंक, एक्सपोर्ट, पुढे शेअर यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. स्टँडर्ड पार्टच्या डॉक्युमेंटला आम्ही बघणे अधिक लिंक एवढंच देतो. बाहेरचा माणूस आमचा ब्रॅकेट त्याच्या असेंब्लीत घालू शकतो, पण त्याची वेगळी प्रत काढून त्यात फेरफार करू शकत नाही. आम्ही नवी आवृत्ती काढली की त्याला अपडेटची खूण दिसते. तीन महिन्यांपूर्वीचा ब्रॅकेट कुणाच्या डेस्कटॉपवर पडलाय ही भानगडच उरत नाही.

रोट्रिंग_काका | मंगळवार, सायंकाळी ६:१५

मी या धाग्यावरचा म्हातारा. १९८२ साली ड्रॉइंग ऑफिसला लागलो.

तेव्हा ऑफिसचं स्टँडर्ड म्हणजे हेड ड्राफ्ट्समन. पेन ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, कुठली रेघ कशाने हे त्यांच्या डोक्यात. अक्षराला स्टेन्सिल, आणि सपाट खणांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. ट्रेसिंग त्या कपाटात. साईटला, कंत्राटदाराला, महापालिकेला जायची ती अमोनिया प्रिंट. त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. प्रिंटवर कुणी काहीही खरडा, लाल करा, चहा सांडा, मूळ ट्रेसिंग तसंच. बदल मान्य झाला तर ब्लेडने खरवडून तो ट्रेसिंगवर करायचा हेड ड्राफ्ट्समनने किंवा त्यांच्या देखत आम्ही. माझ्या नोकरीत ट्रेसिंग दाराबाहेर गेल्याचं मला एकदाच आठवतं, आणि नेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं करावं लागलं.

तुम्ही लोक आता ट्रेसिंगच सगळ्यांच्या टेबलावर पसरून ठेवता.

भोसरीचा_गुण्या | मंगळवार, सायंकाळी ६:३०

काका, साष्टांग.

काळा_कोट | मंगळवार, रात्री ९:४०

वकिलीचा अनुभव, पण हा औपचारिक सल्ला समजू नये.

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे ड्रॉइंग, आराखडा हे 'कलाकृती'त मोडतात, तेव्हा संरक्षण आहे. पण कुणाचं? नोकराने नोकरीच्या ओघात केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. बाहेरच्या स्वतंत्र माणसाने केलेलं काम साधारणपणे त्याचं स्वतःचं, जोवर तो लेखी हस्तांतरण करून देत नाही. पैसे दिले, बिल आलं, एवढ्याने हक्क तुमचा होत नाही. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

म्हणजे ओळंबा, तुमच्या लायब्ररीतल्या ३५० पैकी किती फॅमिली बाहेरच्यांनी केल्या आहेत आणि त्यांच्याशी कागद झालाय का, हे आधी बघा. तुम्ही त्यांना द्यावं की नाही विचारताय, कदाचित त्यांनीच तुम्हाला दिलेलं असेल.

गोपनीयतेचं कलम जरूर घाला. पण 'आमचं काम संपल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात दुसऱ्याचं काम करायचं नाही' असलं काही लिहू नका, करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकत नाही.

कोल्हापुरी_पेन | मंगळवार, रात्री ९:४६

काळा कोट साहेब, तांबडा-पांढरा माझ्याकडून. कधी पण या.

शून्यबिंदू | बुधवार, सकाळी १०:०५

सगळे दारावर कुलूप घालायच्या गप्पा मारताहेत. आत कोण बसलंय ते मोजलंय का? आमच्या एका प्रकल्पाची सदस्य-यादी मी मागच्या वर्षी काढली. ४३ नावं. त्यातले १२ जण काम सोडून गेलेले, तिघांना त्यांच्या खासगी ईमेलवर बोलावलेलं, आणि एक गृहस्थ कोण हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना. अॅडमिन म्हणून.

ऑटोकॅडवाल्यांसाठी: टेम्प्लेट द्यायचं नसेल तरी स्टँडर्डची डीडब्ल्यूएस फाइल द्या. लेयर, डायमेन्शन, टेक्स्ट आणि लाइनटाइप, चुकलेलं त्याचं त्यालाच तपासून सापडतं. तुमची लाल शाई वाचते, त्याचा राग वाचतो.

आणि ओळंबा, एक साधा प्रश्न. काम संपल्यावर क्लायंटला काय देता? पीडीएफ, आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना चालणारी प्रत), की आरव्हीटी?

ओळंबा | बुधवार, सकाळी १०:५२

आरव्हीटी. करारात तसंच आहे.

थांबा. तपासून सांगतो.

जाड_रेघ | बुधवार, सकाळी १०:५५

(पॉपकॉर्न)

ओळंबा | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:२०

उशीर झाला, क्षमस्व. शोध लागला.

ते दुसरं ऑफिस आमच्याच एका जुन्या क्लायंटचं पुढचं काम करतंय. फेज एकचं मॉडेल आम्ही हँडओव्हरला दिलं होतं, पूर्ण आरव्हीटी, पर्ज न करता, ३५० फॅमिली आणि आबांसकट. क्लायंटने ते त्यांना दिलं, 'याच पद्धतीने करा' म्हणून. कोल्हापूर आणि नाशिक, दोघांचाही काही संबंध नाही. दोघांना फोन करून सांगितलं. नाशिकचे गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला माझा संशय होता हे मला माहीतच नव्हतं, आता कळलं." तो फोन करायला नको होता बहुधा.

बाकी काय केलं ते लिहितो. स्टँडर्डचे वर्कसेट वेगळ्या लॉगिनकडे घेतले. लायसन्सचा खर्च बघून भागीदाराने नाक मुरडलं, त्याला ६० शीटच्या पुन्हा प्लॉटिंगचं बिल दाखवलं. वरच्या फोल्डरचे हक्क काढून खाली एकेकाला दिले. त्यात दोन दिवस कुणालाच काही दिसत नव्हतं, मलाही. बाहेरच्या टीमची फाइल वेगळी, ३८ फॅमिलींचं टेम्प्लेट, आठवड्यातून दोनदा शेअर. यादीतून सात नावं उडवली, त्यातलं एक आमच्या जुन्या इंटर्नचं, तो आता कॅनडात आहे. हँडओव्हरला आता पर्ज केलेली प्रत जाते. करारात 'नेटिव्ह मॉडेल' शब्द असल्यामुळे चालू कामांत आरव्हीटी द्यावीच लागणार, पुढच्या करारांत आयएफसी लिहायचं ठरलंय, क्लायंट किती मानतील बघू.

काळा_कोट यांनी सांगितलेलं मोजलं. ६१ फॅमिली बाहेरच्यांनी केलेल्या. कागद एकाचाही नाही. करतोय.

निळी_शाई | रविवार, सकाळी ११:४८

वर्कसेटच्या लॉगिनचा पासवर्ड किमान दोघांकडे ठेवा. अनुभवाचे बोल.

कोल्हापुरी_पेन | रविवार, दुपारी १२:१०

बाहेरच्यांवरचा आळ गेला, बरं वाटलं. पान ९ सरळ केलं का?

ओळंबा | रविवार, दुपारी १२:३१

पीडीएफच काढून टाकली. टेम्प्लेटच्या पहिल्या शीटवर सगळं लिहिलंय, टिक मार्कसकट.

मुगाची_खिचडी | रविवार, दुपारी १२:४०

आणि आबा?

ओळंबा | रविवार, दुपारी १२:५५

त्यांना दाखवलं ते ड्रॉइंग. चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाले, "मी ही दारं मोजलेली नाहीत. टिक कुणी केली?"